सावित्रीबाईंचे घर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, तिच्यासाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. कोणाविषयी लिहावे याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. मी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आणि तितकीच वर्षे मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक केला. सकाळी भाकऱ्या थापून, हात धुऊन शाळेत जायचे आणि संध्याकाळी वह्या बाजूला ठेवून पुन्हा चुलीपुढे बसायचे, हा माझा क्रम होता. अशा बाईला सावित्रीबाई फुले यांची आठवण आधी यावी यात नवल नाही.

भगिनींनो, सावित्रीबाईंचे नाव आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही असे नाही. दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुली भाषणे करतात. त्या भाषणांत पहिली मुलींची शाळा येते, अंगावर झेललेले शेण आणि खडे येतात, आणि भाषण संपते. ते सारे खरेच आहे. परंतु त्या शाळेतून घरी आल्यावर बाई काय करीत होत्या, त्यांच्या घरात कोण कोण राहत होते, कोणाला जेवायला वाढले जात होते आणि ते घर चालविले कोणी, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. ज्यांना पोटचे मूल नव्हते, त्या बाईंनी एक फार मोठे घर उभे केले आणि मरेपर्यंत सांभाळले. त्या घराविषयी मला लिहावयाचे आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. हे गाव खंडाळा तालुक्यात आहे. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी फुलांचा धंदा आणि थोडी शेती होती. सासू नव्हती, कारण जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हाच त्यांची आई चिमणाबाई वारली होती. सासरे गोविंदराव यांनी आपल्या नात्यातील एका विधवा बाईच्या मदतीने मुलाला वाढविले. त्या बाईंचे नाव सगुणाबाई क्षीरसागर. त्या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत आणि त्यामुळे शिक्षणाचे महत्त्व त्यांना चांगले कळले होते.

या सगुणाबाईंची गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्या जोतीरावांच्या आई नव्हत्या, सावित्रीबाईंच्या सासूही नव्हत्या. तरी त्या घरात आईची जागा त्यांनीच भरून काढली आणि सावित्रीबाई त्यांना आऊ म्हणत. जोतीरावांनी शेतात आणि घरी या दोघींना अक्षरओळख करून दिली. घरातील वडील बाई आणि तरुण सून शेजारी बसून एकाच वेळी मुळाक्षरे गिरवीत आहेत, असे ते दृश्य असले पाहिजे. पोटच्या नात्यावाचून आई होता येते हे सावित्रीबाईंनी प्रथम पाहिले ते या घरात, आणि पुढे जन्मभर त्यांनी तेच केले. सगुणाबाई १८५४ साली वारल्या. सावित्रीबाईंनी त्यांच्यावर एक कविताही लिहून ठेवली आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा संबंध सांगते. प्रवरेकाठी बसून आपल्याला पुण्याच्या या घराशी काय घेणे असे कोणाला वाटेल, म्हणून तो सांगणे अगत्याचे आहे. तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींच्या शाळा चालवीत असत. या बाई १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. लग्न केले नाही, परत मायदेशी जाऊन राहिल्या नाहीत. सगळा जन्म नगरच्या मुलींना शिकविण्यात गेला. जोतीराव आपल्या मित्राबरोबर नगरला गेले असता त्यांनी या शाळा पाहिल्या आणि आपणही पुण्यास मुलींसाठी शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे नगरला आणि मिचेलबाईंकडे पुण्यास शिक्षिकेचे शिक्षण घेतले. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली झाली, म्हणजे त्या काळी पुणे ते नगर हा सारा प्रवास रस्त्यानेच करावा लागत असे. एका तरुण सुनेने शिकायला म्हणून असा प्रवास करावा, ही गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडे किती बोलली गेली असेल याची कल्पना आपण बायका सहज करू शकतो.

१८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांचे वय सतरा-अठरा वर्षांचे. रस्त्याने जाताना लोक शिव्या देत, खडे मारीत, शेण फेकीत. म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत असत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून मुलींपुढे उभ्या राहत. ही हकीकत आपण अनेकदा ऐकली आहे. मला या हकीकतीत ते दुसरे लुगडे फार महत्त्वाचे वाटते. घरून निघतानाच ते पिशवीत घालायचे, म्हणजे आज काय होणार हे ठाऊक असून निघायचे. संध्याकाळी परत येऊन घाण झालेले लुगडे धुवायचे, वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धैर्य म्हणतात ते असे रोजच्या धुण्यात असते, हे कपडे धुणाऱ्या बाईलाच कळेल.

लोकांचा राग रस्त्यावरच थांबला नाही, तो घरात आला. गोविंदरावांवर जातभाईंचे आणि इतरांचे दडपण वाढले आणि १८४९ साली त्यांनी मुलाला व सुनेला घर सोडण्यास सांगितले. शाळा सोडा किंवा घर सोडा, असा तो प्रश्न होता. सावित्रीबाईंपुढेही माहेरी जाण्याचा मार्ग होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तसे त्यांनी केले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी नवऱ्याबरोबर घर सोडले. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. अशा रीतीने सावित्रीबाईंचा स्वतंत्र संसार दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या धर्माच्या माणसाच्या मायेने सुरू झाला. ज्या बाईला घराबाहेर काढले गेले, तिनेच पुढे निराधारांना घराचे दार उघडले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शाळांचे काम मात्र वाढतच गेले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या आणि थोड्याच काळात त्यांची संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. सावित्रीबाई या शाळेच्या मुख्य शिक्षिका होत्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि पुढील वर्षी १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत शाळा उघडल्या. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. गणित, व्याकरण, भूगोल, मराठ्यांचा इतिहास असे विषय शिकविले जात. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारतर्फे सत्कार झाला. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी मुलींची जाहीर परीक्षा झाली. तीस २३७ मुली होत्या आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार लोक जमले होते. जेथे पाच वर्षांपूर्वी बाईंवर शेण फेकले जात होते, त्याच शहरात एवढी माणसे मुलींची उत्तरे ऐकण्यास गोळा झाली!

या शाळांतून शिकलेल्या मुली कशा बोलू-लिहू लागल्या याचे एक उदाहरण पुरे आहे. मुक्ता नावाच्या मांग समाजातील एका लहान मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. हे पत्र १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालेले. सावित्रीबाईंचा स्वतःचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५४ साली निघाला होता. शिकविणारी बाई स्वतः लिहीत होती आणि तिच्या शाळेतील मुलगीही लिहीत होती.

आपल्यासारख्या महिला मंडळातील बायकांनी विशेष लक्षात ठेवावे असे एक काम त्यांनी १८५२ साली केले. त्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढले. कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी त्याच्या अध्यक्षा होत्या आणि सावित्रीबाई चिटणीस. त्या वर्षीच्या संक्रांतीला त्यांनी तिळगुळाचा समारंभ केला आणि कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सर्वांना एकाच जाजमावर बसविले जाईल, असे आधीच जाहीर केले. हळदीकुंकू, तिळगूळ हे आपणही दरवर्षी करतो. बसायला जाजमही घालतो. परंतु त्या काळी एका जाजमावर कोण बसणार याला केवढा अर्थ होता! आमच्या आजीच्या वेळेपर्यंत गावागावांतून हे बसणे-उठणे वेगळेच असे. सावित्रीबाईंनी बायकांच्या ओळखीच्या सणालाच हाताशी धरले, यात मला त्यांचे शहाणपण दिसते. भाषणाला न येणारी बाई तिळगुळाला येते, हे त्यांना ठाऊक होते.

१८५६ साली आजारामुळे सावित्रीबाई काही दिवस नायगावला माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात प्रकृतीची हकीकत आहे, भावाशी झालेला वाद आहे. तुम्ही नवरा-बायको जातीबाहेरच्यांसाठी नसते उद्योग करता, असे भावाचे म्हणणे होते. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिले आणि आईचे मन त्यांच्या बाजूला वळले. याच पत्रात आपल्या गैरहजेरीत फातिमाला कामाचा फार त्रास पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख आहे. आजारी बाई अंथरुणावरून आपल्या सहकारी बाईच्या श्रमांची काळजी करीत आहे. मोठ्या घरातील कर्त्या बाईचे मन असेच असते. ती माहेरी गेली तरी तिचे अर्धे चित्त मागे राहिलेल्या कामात असते.

१८५७ च्या बंडानंतर शाळांना मिळणारी युरोपियन लोकांची वर्गणी आटली आणि पुढच्या वर्षी जोतीरावांनी शाळांच्या कारभारातून अंग काढून घेतले. परंतु सावित्रीबाईंचे काम संपले नाही, ते घराकडे वळले. पुण्यात एका विधवेने लोकलज्जेस्तव आपले नवजात मूल मारले आणि तिला जन्मठेप झाली. या घटनेने दोघेही व्यथित झाले. १८६३ साली त्यांनी गंज पेठेतील आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा येथेच ठेवावे, अशी व्यवस्था. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या, असे जोतीरावांनीच नमूद केले आहे.

पस्तीस हा आकडा वाचताना लहान वाटतो. परंतु बाळंतपण म्हणजे काय हे आपल्याला सांगावयास नको. पाणी तापविणे, रात्री-अपरात्री उठणे, दहा दिवस शेक-शेगडी, बाळंतिणीचे खाणे, तान्ह्याचे न्हाऊमाखू, आणि वर त्या भेदरलेल्या मुलीला धीर देणे. सख्ख्या मुलीचे एक बाळंतपण केले तरी आपण महिनाभर थकतो. येथे पस्तीस परक्या मुली, ज्यांना सख्ख्या आईने दार लावून घेतले होते. हे गृह काढण्याची कल्पना दोघांची असेल, पण ते चालविले सावित्रीबाईंच्या दोन हातांनी.

त्यांना स्वतःला मूल झाले नाही. दुसरे लग्न करावे म्हणून जोतीरावांना आग्रह झाला, पण त्यांनी तो मानला नाही. पुढे याच गृहात काशीबाई नावाच्या एका विधवेला मुलगा झाला. १८७४ साली फुले दांपत्याने तो दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. जोतीरावांनी १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात आपली मिळकत यशवंताच्या नावे करताना, नाळ कापल्या दिवसापासून आपल्या पत्नीने त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले, अशा आशयाची नोंद केली आहे. सरकारी कागदावर एखाद्या बाईच्या घरकामाची अशी नोंद त्या काळी क्वचितच झाली असेल.

या घरात आणखी कोण होते? शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी राहत असत. मुंबईचे एक विद्यार्थी या घरी राहिले होते, त्यांनी सावित्रीबाईंसारखी माया दुसऱ्या कोणत्याही बाईत पाहिली नाही असे पुढे लिहून ठेवले. घरी येणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थांच्या आठवणींत असे आहे की, दारात फाटक्या लुगड्याची गरीब बाई दिसली की सावित्रीबाई आपले लुगडे काढून देत. जोतीराव खर्चाबद्दल बोलत, तेव्हा त्या हसून, मेल्यावर बरोबर काय न्यायचे आहे, असा उलट प्रश्न करीत. जोतीराव बायकोला अहो-जाहो म्हणत आणि त्या त्यांना शेटजी म्हणत, हेही त्याच आठवणींतून कळते. आपल्या दिवसांतही पुष्कळ घरांत बायकोला अहो म्हटले जात नाही, तेव्हा त्या काळी हे ऐकून शेजाऱ्यांना काय वाटले असेल!

१८६८ साली या घराच्या आवारातील हौद अस्पृश्यांना पाण्यासाठी खुला झाला. त्याच वर्षी नायगावहून लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात, एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांना गावकरी मारण्याच्या बेतात असता सावित्रीबाई मध्ये पडल्या व दोघांचे प्राण वाचविले, ही हकीकत आहे. त्या दोघांना त्यांनी पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले. म्हणजे पुन्हा आपल्या घरीच! संकटात सापडलेल्या माणसाला उपदेश न करता आपल्या घराचा पत्ता द्यायचा, ही त्यांची रीत होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला या समाजाच्या रीतीने पहिला विवाह झाला. वधू राधा ही सावित्रीबाईंची मैत्रीण बजुबाई निंबणकर यांची मुलगी, वर सीताराम आल्हाट. हुंडा नाही, भटजी नाही, फार खर्च नाही. लग्नाच्या खर्चाने किती घरे बुडतात हे आपल्या भागात आजही दिसते, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या या साध्या लग्नाची आठवण मुद्दाम देत आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी गावोगाव अन्नाची सोय केली. धनकवडीला मुलांसाठी आश्रम काढला. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात होत्या आणि तेथून त्यांनी उपाशी माणसे, मेलेली गुरे व सावकारांचा जाच यांचे वर्णन लिहून पाठविले. आपला जिल्हाही दुष्काळाचा जाणता असल्यामुळे ते पत्र वाचताना परके वाटत नाही.

यशवंताचे लग्न हा या घरातला कसोटीचा प्रसंग. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी कोण देणार? शेवटी हडपसरचे ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक रीतीने लग्न झाले. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी या मुलीला काही दिवस घरी आणून ठेवले. मुलगा-मुलीची ओळख व्हावी, मुलीला घर कळावे आणि तिला शिकविताही यावे, हा हेतू. सुनेला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून घरकाम सावित्रीबाई स्वतः उरकीत. सासू भांडी घासते आहे आणि सून पुस्तक वाचते आहे, असे घर आपल्या ओळखीत किती असेल, हे प्रत्येकीने मनात मोजून पाहावे.

या लग्नाआधीच, जुलै १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. पैशाची चणचण होतीच. अशा स्थितीत त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक लिहिले. आजाऱ्याचे सगळे करणे सावित्रीबाईंकडे होते. १८९० साली मामा परमानंद यांनी फुल्यांना मदत मिळावी म्हणून सयाजीराव महाराजांच्या दरबारी पत्र धाडले. त्यात त्यांनी जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीची योग्यता अधिक आहे, असा अभिप्राय दिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंताला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. भाऊबंदकीचा वाद ज्या घरी दुःखाच्या वेळी उभा राहिला आहे, त्या घरातील बायकांना या कृतीचे मोल समजेल.

त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पाहिले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला लागला. परंतु ६ मार्च १८९५ रोजी सून वारली आणि घर पुन्हा ओके झाले. सावित्रीबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. माणसे घरे टाकून पळत होती, सख्खे सख्ख्याला शिवत नव्हते. सावित्रीबाईंनी यशवंताला नोकरीतून रजा काढून बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. ससाणे म्हणजे सुनेचे माहेर. मुलगी वारून दोन वर्षे झाली होती, तरी व्याह्यांची जागा या कामाला मिळाली, यावरून ती सोयरीक कशी जोडली गेली होती हे दिसते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा अकरा वर्षांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

चरित्रे येथे संपतात. मी आणखी थोडे सांगणार आहे, कारण घराची गोष्ट सांगायला घेतली आहे. यशवंताने पुढे दुसरे लग्न केले. १९०५ साली तोही प्लेगला बळी पडला. मागे त्याची विधवा पत्नी चंद्रभागाबाई आणि एक लहान मुलगी राहिली. त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. गंज पेठेतील ते घर, जेथे पस्तीस निराधार बायका बाळंत झाल्या, ते थोड्या पैशांत विकावे लागले, आणि त्या घरची सून पुण्यात निराधार अवस्थेत वारली. ज्या बाईने कोणत्याही निराधार स्त्रीला दारातून परत पाठविले नाही, तिच्याच सुनेला दार उरले नाही. आता ते घर राष्ट्रीय स्मारक आहे, १९९८ साली सावित्रीबाईंचे टपाल तिकीट निघाले, २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. हे सर्व योग्यच झाले. परंतु हे ऐकताना मला चंद्रभागाबाईंची आठवण होते. तसबिरीला हार घालणारे हात पुष्कळ असतात, पण मागे राहिलेल्या सुनेच्या चुलीवर काय शिजते आहे हे पाहणारे कोणीतरी शेजारपाजारचेच असावे लागते, आणि ते काम माझ्या मते महिला मंडळाचे आहे.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली अशी की, बेलापुरात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांत ज्या बायका शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, त्यांची नावे, गावे आणि नोकरीची वर्षे यांची एक वही मंडळाने करावी. त्यांतील कित्येकींनी परक्यांची मुले घरी ठेवून शिकविली, पण त्याची नोंद कोठेही नाही. दुसरी अशी की, गावात ज्या विधवा आणि एकट्या पडलेल्या बायका आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा मंडळाच्या दोघींनी जाऊन यावे. काही न्यायचे असेल तर न्यावे, नसेल तर नुसते बसून यावे. याला वर्गणी लागत नाही. पुढील महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा अशी चिटणीसबाईंना विनंती आहे, आणि पहिल्या महिन्याच्या भेटींसाठी माझे नाव आताच लिहून घ्यावे.